पणजोबांनी हरवलेला माग

गावात आमच्या घराला 'बेडीवाले' म्हणायचे. शिवी म्हणून नाही, खूण म्हणून. वस्तीत एकाच आडनावाची सात-आठ घरं होती, तेव्हा कुणाकडे जायचं ते सांगायला काहीतरी लागायचंच. एक घर 'चिंचेखालचे', एक 'बँडवाले', आणि आम्ही 'बेडीवाले'. लहानपणी मला वाटायचं, आमच्याकडे पूर्वी विड्या वळत असतील आणि बिडीचं बेडी झालं असेल. सातवीत असताना आईला विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझ्या बापाचा आज्या जेलात हुता. ढोरं चोरली म्हनं. कुनापुढं बोलू नकू."

मी बोलले नाही. पुढे शिकले, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले, मानवतला बदली झाली. वडील गेले. गावी काका राहिले, वडिलांचे धाकटे भाऊ. पणजोबांचा विषय पुन्हा निघाला तो त्यांच्यामुळे.

ते दिवस नामांतराचे होते. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात आमच्या गावात घरं जळाली नाहीत, पण दुसऱ्या गावातून जीव वाचवून आलेले पाहुणे दीड महिना आमच्या ओसरीवर राहिले होते. त्यातली एक बाई सारखी मोजून बघायची, आपली भांडी किती आणली ते. त्यानंतर काका मोर्च्यांना जाऊ लागले. पुढे एका सत्याग्रहात वस्तीतल्या पंधरा-वीस जणांबरोबर त्यांनी अटक करून घेतली आणि काही दिवस जेलात काढून परत आले. मी तेव्हा सुट्टीला गावीच होते. लोक हार घेऊन एस.टी.च्या थांब्यावर गेले होते. तिथल्या हॉटेलात गावातले एक म्हातारे गृहस्थ बसलेले होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बेडीवाल्याला जेल काय नवी हाय का?"

सगळे हसले. काकाही हसले. पण घरी आल्यावर गळ्यातला हार काढून खुंटीला लावत ते मला म्हणाले, "माझं एक काम कर. मी कशापायी जेलात गेलतो ते लेकराबाळाला ठाऊक हाय. आज्या कशापायी गेलता, ते काढ."

"काढून काय करायचं काका? खरंच चोरी केली असंल तर?"

"असंल तर असंल. मला म्हाईत तर पाहिजे."

माझ्या मनातही ते कुठेतरी होतंच. फक्त सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं.

आमचं गाव जिंतूरच्या वर, डोंगराच्या अंगाला आहे. पुढची तीन-चार गावं ओलांडली की वऱ्हाड लागतं. आता ते एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाणं आहे. पणजोबांच्या काळी ती सरहद्द होती. अलीकडे निजामाची मोगलाई, पलीकडे इंग्रजांचा अंमल. पलीकडे चोरी करून अलीकडे आलं, की तिकडच्या पोलिसांचं काही चालायचं नाही, आणि इकडून तिकडे गेलं तरी तेच. त्यामुळे ढोरं चोरणाऱ्यांची तिथे चंगळ होती, एवढं सगळे म्हातारे सांगायचे. पणजोबा गावाचे वेसकर होते, म्हणजे वेशीवर राखण करणं, सरकारी माणसांचा निरोप पोचवणं, ही कामं त्यांच्याकडे. त्यापलीकडे कुणाला काही माहीत नव्हतं.

परभणीला एका सरकारी कचेरीत जुन्या कागदांची खोली होती. शनिवारी शाळा सकाळची असायची. ती सुटली की मी गाडी पकडून जायचे. तिथले कारकून निवृत्तीला आलेले, धुळीचा त्रास असलेले, नाकावर रुमाल बांधून बसलेले असत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, साल सांगा. साल नसेल तर मी कुठला बस्ता सोडू?"

साल काकांनी दिलं, तेही आकड्यात नाही. "आमचा बाप सांगायचा, त्येचा बाप मोठ्या दुष्काळाच्या साली सुटून आला. गावात समदे हाडाचे सापळे, आन् ह्यो एकटा जेलातलं खाऊन जाड होऊन आलता. लोकं म्हनले, बेडी घालून घ्यायला पाहिजे हुती आपन बी."

कारकुनांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. रुमालाआडून ते बराच वेळ हसले आणि त्या दिवसापासून माझ्या कामात त्यांना गोडी वाटू लागली. त्यांनीच एक गोष्ट सांगितली. साध्या चोरीच्या जुन्या मिसली, म्हणजे खटल्याचे कागद, सांभाळून ठेवलेल्या नसत, वेळोवेळी नष्ट करत. पण प्रकरण सरहद्दीचं असेल तर दोन सरकारांत लिहापढी व्हायची, आणि ती ठेवलेली असायची. "तुमच्या पणजोबांनी पलीकडची ढोरं चोरली असतील तर सापडतील," ते म्हणाले, "अलीकडची चोरली असतील तर विसरा."

पाच शनिवार गेले. सगळं उर्दूत. मी नुसती त्यांच्या शेजारी बसून कागद उलटून देत असे. त्यांनाही उर्दू मथळ्यापुरतीच येत होती. सहाव्या शनिवारी एका लाल फडक्यातल्या गठ्ठ्यावर त्यांचं बोट थांबलं. "मवेशी... म्हणजे ढोरं. आणि हे गाव तुमचंच ना?" त्यांनी गावाचं नाव वाचलं. मी त्या वळणदार अक्षरांकडे पाहत राहिले. त्यात आमचं गाव कुठे आहे ते मला दिसत नव्हतं, पण आहे एवढं कळलं होतं.

नक्कल मिळायला दीड महिना लागला. उर्दू नक्कल करणारं कचेरीत कुणी उरलेलं नव्हतं, म्हणून शेवटी फोटोस्टॅट काढून वर शिक्का मारून दिला. नऊ पानं.

मानवतला माझ्या शाळेच्या मागच्या गल्लीत एक वयस्कर मुन्शी राहायचे. निजामाच्या काळात कोर्टात होते. पुढे मराठीत काम सुरू झालं तेव्हा चाळिशीत बाराखडी शिकून त्यांनी नोकरी पुरी केली होती. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची. मी पानं घेऊन गेले तेव्हा ते अंगणात बाजेवर बसून दाढी करत होते. अर्धी दाढी तशीच ठेवून त्यांनी पानं हातात घेतली.

"हे शिकस्ता हाय बेटी. जल्दीमें लिखते थे. कोर्टात मुलजिम, म्हंजे आरोपी, बोलायलाय तेवढ्यात उतरायचं. टाइम लगेगा."

तीन रविवार लागले. ते भिंग लावून एकेक ओळ मोठ्याने वाचत, तिचं मराठी करत, आणि मी वहीत लिहून घेत असे. पहिल्याच पानावर ते अडले. भिंग खाली ठेवलं.

"काय झालं चाचा?"

"मुलजिमचं नाव हाय. बाप का नाम हाय. आगे जात लिहिलीय. पुराना लफ्ज हाय. अच्छा नही."

"लिहिलंय तसं वाचा."

त्यांनी वाचलं, अगदी हळू. मी लिहिलं. मग त्यांनी आतून चहा मागवला, आणि चहा होईपर्यंत आम्ही पुढे गेलो नाही.

मिसलीत जे होतं ते असं. वऱ्हाडातल्या एका गावातून अकरा बैल चोरीला गेले. त्या गावच्या वेसकराने माग काढला. माग काढणं म्हणजे जमिनीवरची खुरं, पावलं, दबलेलं गवत बघत बघत चोराच्या पाठीमागे जाणं. माग दुसऱ्या गावाच्या शिवेवर पोचला, की त्या गावच्या वेसकराने तो हातात घेऊन पुढे न्यायचा, नाहीतर चोरी त्याच गावावर यायची. पलीकडच्या वेसकराने हवालदाराला सोबत घेऊन आमच्या शिवेपर्यंत माग आणला आणि पणजोबांच्या हवाली केला. पणजोबांनी तो ओढ्यापर्यंत नेला. ओढ्यात खडक आहे. त्या खडकावर ते दिवसभर खालीवर फिरले आणि म्हणाले, माग गेला. तिसऱ्या दिवशी बैल दोन कोसांवरच्या एका दरीत सापडले. माणूस एकही सापडला नाही. खडक संपल्यावर पुढे ओल्या मातीत माग स्वच्छ उमटलेला होता, तो याने जाणूनबुजून लपवला, असा पणजोबांवर आरोप होता.

म्हणजे ढोरं त्यांनी चोरलीच नव्हती. मी चाचांना ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा.

कोर्टाने पणजोबांना विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं शेवटून दुसऱ्या पानावर होती.

हे काम किती वर्षं करतोस? बापाच्या मागं चालायला लागलो तेव्हापासून.

आधी कधी माग हरवला होता? नाही.

मग याच वेळी कसा हरवला? त्या दिवशी हरवला.

बस. त्यांच्या तोंडचं एवढंच. तीन वर्षं सक्तमजुरी आणि पायात बेडी.

पलीकडच्या वेसकराची साक्ष मात्र दीड पान होती. त्यात तो म्हणाला होता, की खडकापलीकडे माग होता, तो मी पाहिला, हवालदारानेही पाहिला. बैलांबरोबर तीन माणसांची पावलं होती. दोघांच्या पायांत जोडे, तिसरा अनवाणी. अनवाणी माणसाच्या डाव्या पायाला करंगळी नाही. कोर्टाने विचारलं, हा पाय कुणाचा ते ओळखतोस का? ओळखत नाही, असं त्याने सांगितलं.

चाचांनी भिंग डोळ्यांवरून काढलं. "एक बात देखो बेटी. अनवाणी पाय कुणाचा ते विचारलं. जोडे कुणाचे, ते कोणीच विचारलं नाही." त्या काळी आमच्या भागात पायात जोडे घालून फिरणारी माणसं गावात किती असतील, ते मला सांगायची गरज नव्हती.

मी वही घेऊन गावी गेले. काकांना बाजेवर बसवलं आणि सुरुवातीपासून वाचून दाखवलं. चोरी केली नव्हती, हे ऐकून ते उठून उभे राहिले, परत बसले. मी पुढे वाचत गेले. साक्षीदाराचं नाव, बापाचं नाव, गाव वाचलं, आणि काकांनी हात वर केला.

"थांब. नाव परत वाच."

मी वाचलं.

"ह्यो तर आत्याचा सासरा."

मला काही कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या वडिलांना एक धाकटी बहीण होती, तीच काकांची आत्या. तिला पलीकडे वऱ्हाडात दिली होती. काका लहान असताना ती माहेरी यायची, येताना गुळाची भेली आणायची. ती वारली, मग रझाकारीचे दिवस आले, सरहद्दीवर येणंजाणं बंद झालं, आणि ते घर तुटलं ते तुटलंच.

"म्हणजे ज्यानं साक्ष देऊन जेलात घातलं, त्याच्याच घरात लेक दिली?"

"तसंच दिसायलंय की," काका म्हणाले. "आता तूच जाऊन बघ. मी न्हाई येत. इतक्या वर्सांनी काय तोंड घेऊन जाऊ? तू बाईमानूस, तुला पानी तरी देतील."

दिवाळीच्या सुट्टीत मी गेले. जिंतूरहून एक गाडी, मग दुसरी, मग दीड तास पायी. वाटेत तो ओढा लागला. मी चप्पल काढून त्या खडकावर थोडी चालून पाहिली. सपाट, काळा, मोठा खडक. त्याच्यावर माझीही पावलं उमटत नव्हती.

काकांच्या आत्याची सून अजून होती, वयाने मला आजीच. सत्तरीच्या पुढची, पाठीत वाकलेली, पण आवाज खणखणीत. तिने विचारलं, "कोनाची गं तू?"

मी गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "बेडीवाल्यांची."

"अगं बाई! सासूबाईचं म्हायेर!" तिने मला हाताला धरून आत नेलं. पाणी दिलं, पिठलं-भाकरी दिली, आणि मग म्हणाली, "चाळीस वर्सं झाली. एक मानूस आलं न्हाई तुमचं."

माझं जेवण झाल्यावर मी वही उघडली. ती भिंतीला टेकून ऐकत होती. करंगळीच्या ओळीवर तिने मला थांबवलं.

"डाव्या पायाची? वाच परत."

मी वाचलं.

"ती सासूबाईच्या चुलत्याची. तुमच्या म्हाताऱ्याचा धाकला भाऊ. लहानपनी कुऱ्हाड बसली पायावर, करंगळी गेली. सासूबाई पोर असताना त्येच्याच खांद्यावर बसून फिरायची. सांगायची ती मला, काका म्हनायची त्येला. मोठ्या घरी सालगडी हुता त्यो."

पणजोबांना भाऊ होता हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. आमच्या घरात त्याचं नावसुद्धा कुणी काढलेलं नव्हतं.

"मग साक्ष देणाऱ्या तुमच्या म्हाताऱ्यांना माहीत होतं तो पाय कुणाचा ते?"

"तर! त्यो आन् तुमचा म्हातारा संगं हिंडायचे, येकमेकाच्या घरी जेवायचे. बैलाचं खूर बघून बैल वळखनारा मानूस, त्यो मानसाचा पाय वळखत न्हाई व्हय?"

"मग कोर्टात माग दिसत होता असं तरी कामून सांगितलं? हरवला म्हणायचं होतं."

आजी माझ्याकडे बघत राहिली. मास्तरीण असून मला एवढं कळत नाही, असं तिला वाटलं असावं.

"हवालदार हुता की संगं. त्येला बी दिसायलता माग. खोटं किती बोलावं मानसानं? जेवढं बोलता आलं तेवढं बोलला."

तिने पुढचं सांगितलं. मोठ्या दुष्काळात पणजोबा सुटून आल्याचं कळलं, तेव्हा तिचा आजेसासरा, म्हणजे तोच साक्षीदार, डोक्यावर ज्वारीचं गाठोडं घेऊन ओढ्यापर्यंत गेला. ओढा ओलांडून गावात आला नाही, तिथेच बसून राहिला. पणजोबांना निरोप गेला. तेही गेले. दोघं दुपारभर खडकावर बसले होते. नंतर काही वर्षांनी सोयरीक झाली.

"काय बोलले असतील?"

"मला काय म्हाईत माय. सासूबाईला बी कुनी सांगितलं न्हाई."

आणि तो भाऊ? तो बैल सापडायच्या आधीच पळाला होता. त्या वेळी रेल्वेचा रूळ टाकायचं काम चालू होतं, पूर्णेकडे कुठेतरी. तिथे मातीकामावर लागला, जिवंत आहे, असा एक निरोप कुणीतरी आणला होता. त्यानंतर काही नाही.

हे सगळं काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोन गोष्टी केल्या. दुसऱ्याच दिवशी ते थांब्यावरच्या हॉटेलात गेले. त्यांना टोमणा मारणारे म्हातारे गृहस्थ तिथे रोज बसतच. काकांनी त्यांच्यासमोर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. मी तिथे नव्हते. चुलतभावाने मला सांगितलं. म्हातारे शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आन् ते जोडेवाले दोघं कोन?"

"त्ये तुमी हुडका," काका म्हणाले. "आमचा पाय आमी हुडकला."

त्यानंतर दोघांनी चहा घेतला म्हणे, आणि पिकापाण्याचं बोलत बसले.

दुसरी गोष्ट म्हणजे ते माझ्याबरोबर पलीकडे आले. जाताना गुळाची भेली घेतली. आजीने त्यांना दारातच अर्धा तास रागावून घेतलं, मग हात धरून रडली, मग लगेच कुणाचं लग्न कुठे झालं याची चौकशी सुरू केली. संध्याकाळी निघताना ती मला म्हणाली, "ते कागद मला बी दे. वाचता येत न्हाई, पर घरात असू दे." मी चाचांकडून वाचून घेतलेलं सगळं पुन्हा एकदा स्वच्छ अक्षरात उतरवलं आणि तिला नेऊन दिलं. चाचांनी त्याच्याखाली उर्दूत सही केली, वाचणारा मी म्हणून.

माझं मात्र समाधान होत नव्हतं. त्या भावाचं काय झालं? शाळेत मुलांना नदीचा धडा शिकवतानाही माझ्या डोक्यात ते असायचं. पुढच्या उन्हाळ्यात मी परभणीहून गाडीने पूर्णा आणि तिथून चुडाव्याला गेले. चुडावाच का? तर स्टेशन लहान, गाव लहान, विचारायला सोपं. खरं म्हणजे दुसरं कारण नव्हतं.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक गँगमन झाडाखाली बसले होते. मी सगळं सांगितलं तसे ते म्हणाले, "बाई, रूळ टाकायला आलेली लोकं रुळासंगं पुढं गेली. थोडी राहिली. त्यात तुमच्या अंगाची दोन घरं हायत."

पहिल्या घरी कुलूप होतं. दुसऱ्या घरी माझ्याच वयाची एक बाई तांदूळ निवडत होती. नवरा कामावर गेलेला. तिला एवढंच ठाऊक होतं, की नवऱ्याचा पणजोबा 'वरून, डोंगराकडून' आला होता आणि तो आपल्या गावाचं नाव कधी सांगत नसे. त्याच्या पायाचं काही? ते तिला माहीत नव्हतं. सासऱ्यांना माहीत असतं, पण ते मागच्या वर्षी गेले.

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. त्याने काहीच सिद्ध होत नव्हतं. डोंगराकडून आलेली माणसं काय थोडी असतात! ती चहा करायला उठली आणि चुलीजवळून म्हणाली, "पर ताई, समजा असलंच तसं, तर आपलं नातं काय लागंल?"

आम्ही बोटांवर मोजायला लागलो. तुमचा पणजा, माझ्या नवऱ्याचा पणजा, ते भाऊ भाऊ. मग त्यांची लेकरं, मग नातू. दोनदा चुकलो, परत सुरुवातीपासून मोजलं. शेवटी मी तिची नणंद लागत होते.

"नणंदबाई," तिने हाक मारून पाहिली. मग आम्हा दोघींनाही हसू आवरेना.